साडेचार इंचांची जागा

रविवार, ३० मार्च १९९७

तात्यांना जाऊन आज चौथा दिवस. चौकात मंडळाने काळा फळा लावलाय. मध्ये तात्यांचा फोटो, खाली नाव, वर 'भावपूर्ण श्रध्दांजली'. ध ला द जोडलाय. तात्या जोडायचे तसाच, उलटा. बारामतीत चोवीस वर्षं असले फळे तात्याच लिहायचे. हा ज्याने लिहिला त्याने तात्यांचंच बघून लिहिला असणार.

बाप गेलाय आणि मी फळ्यासमोर उभा राहून चूक बघतोय.

तात्यांच्या दुकानाशेजारचा सायकलवाला सलीम मागून आला. "रडायचं तर रड की. वाचत काय बसलायस?"

रडू आलं नाही. अजून नाही.

घरी माणसं मावत नाहीत. येणारा प्रत्येक जण आईला विचारतो, "ह्याचं आता कसं?" मी समोरच बसलेला असतो. दावणीला बांधलेल्या जनावराबद्दल विचारावं तसं.

बुधवार, २ एप्रिल

तात्यांचं सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन झालं. भंते वेळेवर आले, मंडपवाला आला नाही. उन्हातच बसलो.

सगळ्यांनी 'बुद्धं' म्हटलं तेव्हा कान देऊन ऐकलं. आधी द, मग ध. एवढी माणसं बरोबर म्हणतात. फक्त माझ्या शेजारी आबा 'बुदं' म्हणत होता. आबा म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. इंदापूर तालुक्यात कळंबच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथं शेती करतो.

जेवणं झाल्यावर हात पुसत म्हणाला, "मिल्या, इहाराची पाटी कुटवर आलीया?"

वस्तीवर नवीन विहार बांधलाय. बुद्धपौर्णिमेला, २२ मे ला, पाटी लावायची. ती पाटी तात्या करणार होते म्हणे. मला काही माहीत नाही, असं सांगितलं.

आई आतून म्हणाली, "करील की मिल्या."

मी ब्रश शेवटचा धरला सातवीत, चित्रकलेच्या तासाला. पण आई हे सगळ्यांनाच सांगते. आज पाहुण्यांना वाढता वाढता तिने दोन ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटी घेऊन ठेवल्या.

शनिवार, ५ एप्रिल

दुकान उघडलं. मिलिंद आर्ट्स. मी झालो त्या वर्षी तात्यांनी हे नाव दिलं. चोवीस वर्षं माझ्या नावाचं दुकान आहे आणि मला त्यातली एक सरळ रेघ मारता येत नाही. बी.ए. झालो, दोन वर्षं अर्ज करतोय. अर्ज करून झाला की सलीमच्या दुकानात बसायचं. हा माझा उद्योग.

टर्पेंटाइनचा वास. ब्रश धुऊन, पुसून, आडवे ठेवलेले. गेले त्या दिवशी सकाळीच पुसले असणार.

सात माणसं आली. सगळ्यांचं एकच. आधी आत येऊन खुर्चीवर बसायचं, मान हलवायची, "लई वाईट झालं" म्हणायचं. मग जरा थांबून इकडे तिकडे बघायचं. मग, "आमची पाटी तेवढी..." एकाने तर डोळे पुसता पुसता फडताळ उघडलं.

रविवार, ६ एप्रिल

एकदा लिहून टाकतो.

१८ मार्च. एका शाळेचे मुख्याध्यापक कापडी फलक न्यायला आले होते. तात्यांनी फलक पसरला. 'शुध्दलेखन स्पर्धा'. मी सलीमकडून चहा घेऊन आत आलो होतो. मी कधी कुणासमोर जास्त बोलत नाही. त्या दिवशी नेमका बोललो.

"तात्या, शुद्धलेखनच अशुद्ध लिहिलंय तुम्ही."

मु.अ. मोठ्याने हसले. मीही हसलो. मग मला चेव आला. तात्या चौथी शिकलेले. इंदापूरला एका पेंटरच्या हाताखाली नुसती अक्षरं बघून लिहायला शिकले. हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना मु.अ.समोर द आणि ध समजावून सांगितला. आधी द, त्याच्या पोटात ध. सावकाश, लहान पोराला सांगावं तसा.

तात्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "घे. तूच लिही."

मी घेतला नाही. चहा ठेवला आणि बाहेर गेलो.

नंतर भांडण असं काही झालं नाही. जेवलास का विचारायचे, दार लाव म्हणायचे. फक्त एरवी मला 'बी.ए.' अशी हाक मारायचे, ती मारली नाही. नवव्या दिवशी इंदापूर रस्त्याला एका भिंतीवर जाहिरात लिहीत होते. शिडीवरून उतरले, पाणी मागितलं, भिंतीला टेकून बसले. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

आईने घेतलेल्या दोनपैकी एक नंबरप्लेट मी केली, इंग्रजी आकड्यांत. दोन दिवस लागले. माळेगावचा ट्रॅक्टरवाला आला, प्लेट हातात घेऊन उन्हात धरली, फिरवली.

"हे तीन हाय का गाठ न मारलेलं आठ?"

"आठ आहे."

"मग मार की गाठ. का पोलिसाला मी सांगत बसू?"

गाठ मारली. आता ते आठ नाही, तीनही नाही. तरी प्लेट घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तात्यांचा पोरगा हायस म्हणून." त्यापेक्षा शिवी चालली असती.

चौदा एप्रिलच्या जयंतीचे सगळे फलक दुसऱ्या पेंटरकडे गेले. बरं झालं. आईला ते बरं वाटलं नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

पाटी सापडली.

दुकानाच्या माळ्यावर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. चार फुटी पत्रा. पांढरा रंग, निळी अक्षरं. खाली वस्तीचं नाव, बारीक अक्षरात, पूर्ण. वर मोठ्या अक्षरात:

बु     विहार

मधलं अक्षर नाही. बाकी सगळं झालंय, कडेची पट्टीसुद्धा. 'बु'च्या डोक्यावरची रेघ पुढे काढून ठेवलीय आणि तिच्याखाली काही नाही. कपडे काढून नेलेल्या दोरीसारखी नुसती रेघ.

सलीमला बोलावलं. तो म्हणाला, "राह्यलं असंल. रंग संपला असंल."

निळ्या रंगाचा डबा शेजारीच होता. अर्धा भरलेला.

रविवार, २० एप्रिल

आबा आला. पाटी दाखवली. बघून मटकन खाली बसला, हुंदके देऊन रडला. मी पाणी आणलं. पाणी प्याला आणि पुन्हा नेहमीचा आबा.

"एक तर अक्षर हाय. मार की."

"कसं मारू? तात्यांसारखं की बरोबर?"

"तात्यांसारखं म्हंजी बरोबर न्हाय व्हय?"

मी समजावलं. पुन्हा तेच, द आणि ध. आबाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बग. माज्या भावानं तालुक्याला वाचाय लावलं. तू त्याच्या पाटीवं त्याचीच चूक काडनार? गावाफुडं? त्येच्या मागारी?"

"पण ते चूक आहे आबा. विहारावर कायम राहणार ते."

"मंग त्यो जिता व्हता तवा का न्हाय बोललास?"

एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. खिडकीतून म्हणाला, "भावाचंच अक्षर पायजे मला. न्हायतर पाटी तशीच लावतू, बिनअक्षराची."

बुधवार, २३ एप्रिल

मु.अ. भेटायला आले. मला वाटलं, हा माणूस तरी. एवढा शिकलेला, शुद्धलेखनाच्या स्पर्धा घेणारा. पाटीबद्दल विचारलं.

चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आता दोन्ही चालतं."

"चालतं?"

"वाचता आलं म्हणजे झालं. पेपर तपासताना आम्हीसुद्धा सोडून देतो."

मग त्या दिवशी हसलात कशाला, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. मी विचारत नाही कधी. तोंड एकदाच उघडलं, ते बापासमोर. शिवाय स्पर्धा पुढे गेलीय, म्हणून फलकावरची तारीख बदलून द्या म्हणाले. फलक टेबलावर ठेवून गेले. उघडून बघितला. 'शुद्ध' बरोबर आहे. तात्यांनी त्याच दिवशी पुसून, पुन्हा लिहून दिला होता. पण अक्षर बघवत नाही. जागा उरलीय, ध खाली घसरलाय. एवढ्या वर्षांत तात्यांचं इतकं वाईट अक्षर मी बघितलेलं नाही.

मी सांगितलं तसं लिहिलं होतं त्यांनी.

सोमवार, २८ एप्रिल

एमआयडीसीत मुलाखत होती. ऑफिसात नोंदी ठेवायचं काम. दहाची वेळ, साडेनऊलाच पोहोचलो. सलीमचा शर्ट, माझी पँट. गेटवर पाटी, 'परवानगीशिवाय प्रवेश निषिध्द'. तात्यांची. ह च्या शेपटीवरून ओळखली... नाही, ह नाहीच त्यात. ध च्या गाठीवरून ओळखली.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तात्यांचा ध्द आडवा पसरतो, दोन अक्षरं शेजारी शेजारी. बरोबर द्ध लिहिला तर एकाखाली एक येतो, जागा कमी लागते. म्हणजे पाटीवर 'बु'च्या पुढे जी रेघ काढून ठेवलीय, तिच्या लांबीवरूनच कळेल तात्यांच्या मनात कुठलं अक्षर होतं. ते आधी रेघ मापून काढतात, मग अक्षर लटकवतात. तीस वर्षांत जागा चुकली नाही त्यांची.

गेटच्या लोखंडी पट्टीवर चढून वितीने अक्षर मोजायला लागलो. वॉचमनने पँटला धरून खाली ओढलं.

"वाचता येतं का? काय लिव्हलंय?"

"निषिद्ध. पण चुकीचं लिहिलंय."

हे बोलायला नको होतं. सव्वा तास त्याच्या खोलीत बसवून ठेवलं. मुलाखत झाली नाही. आईला, जागा भरली म्हणून सांगितलं.

घरी येऊन पाटीवरची मोकळी रेघ मोजली. अक्षर आठ इंच उंच, जागा साडेचार इंच.

शनिवार, ३ मे

दोन दिवस टेप घेऊन बारामती फिरलो. सलीम बरोबर होता, शिडी धरायला. तात्यांचे ध्द मोजले. 'शुध्द शाकाहारी' तीन ठिकाणी. 'सुप्रसिध्द भेळ'. एक 'समृध्दी'. एका डॉक्टरांकडे 'वृध्दांसाठी सवलत'.

कापडवाल्याला वाटलं, मी नगरपालिकेकडून पाट्यांवर कर बसवायला आलोय. त्याने चहा पाजला. भेळवाला म्हणाला, "मोजून काय मिळणार तुला?" सलीम म्हणाला, "नोकरी." भेळवाल्याला ते खरं वाटलं.

आठ इंची अक्षराला तात्यांचा ध्द सहा इंचांच्या खाली कुठंच नाही. कुठंच. साडेचारात तो बसतच नाही. साडेचारात द्ध बसतो.

म्हणजे तात्यांनी माझ्या द्ध साठी जागा सोडली होती.

सलीमला दुकानात बसून हे सांगितलं. तो पंक्चर काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मग लिहिला का न्हाय?"

एवढं मोजून आलो आणि हा असं विचारतो.

शुक्रवार, ९ मे

रोज पत्र्याच्या तुकड्यावर द्ध काढतोय. वाळायच्या आत पुसायचा, पुन्हा काढायचा. द जमतो. ध लटकवायला गेलं की हात हलतो. आज चाळीसेक काढले. त्यातले दोन बरे.

आई डबा घेऊन आली. तुकडा उचलून बघितला. तिला लिहिता वाचता येत नाही. मी खडूने दोन्ही काढून दाखवले, ध्द आणि द्ध.

"मला दोन्ही सारकीच दिसत्यात."

"तात्या ह्या पाटीबद्दल काही बोलले होते का?"

"बोलले की."

दीड महिना झाला. मी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

"काय बोलले?"

"मी इचारलं, झाली का पाटी. म्हनले, एक अक्षर राह्यलंय. बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हंजी बघू."

"पण कशासाठी थांबले होते? मला विचारायचं म्हणून? की मला लिहायला लावायचं होतं?"

"मिल्या, मानूस बघू म्हनला म्हंजी बघूच म्हनला. तू जेव."

डबा उघडून समोर ठेवला. वांग्याची भाजी. तात्यांना आवडायची ती. मला नाही आवडत. अजून तीच करते.

बुधवार, १४ मे

इंदापूरला गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं.

तात्या जिथं शिकले तिथल्या जुन्या पाट्या बघायच्या होत्या. एस.टी. स्टँडजवळ एका न्हाव्याच्या दुकानावर तात्यांची पाटी निघाली. मालकाचं नाव भलतंच लांब, त्याच्यापुढे 'सुप्रसिध्द'. आणि ध्द चेपलेला. टेप लावला. आठ इंची अक्षर, पावणेपाच इंच.

म्हणजे चेपून बसवायचे. म्हणजे अजून जरा चेपला तर साडेचारात ध्द पण बसू शकतो. सगळ्या बारामतीचं माप फुकट गेलं.

न्हावी बाहेर आला, वय झालेला. "काय मोजताय?"

सांगितलं, ही माझ्या वडिलांनी लिहिलेली पाटी. ते गेले मार्चमध्ये.

"तात्या? व्हय?" वस्तरा हातात तसाच. "आरं, माजं नाव बसंना त्या पत्र्यात. मी म्हनलं, सुप्रसिद काढून टाका. तर हसाय लागले. म्हनले, काढतोय कशाला, जरा सरकून घ्याय लावू सगळ्यांना." मग माझ्याकडे बघून, "तू बी.ए. का?"

तात्यांनी मागे कधीतरी त्याला सांगितलं होतं. पोरगं बी.ए. झालंय, चुका काढतंय माझ्या, असं.

"रागाने म्हणाले?"

"राग? त्यादिवशी माज्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला त्यांनी."

खुर्चीवर बस म्हणाला, दाढी करतो. दीड महिन्याची वाढली होती. बसलो. आरशात बघितलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. साबण गेला डोळ्यात, असं म्हणालो.

"साबन अजून लावला न्हाय," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला पाण्याचा मग दिला.

पण ते बी.ए. झाल्या वर्षीचं आहे. १८ मार्चनंतरचं नाही. त्याने काही सिद्ध होत नाही.

रविवार, १८ मे

आबाचा निरोप आला. बुधवारी संध्याकाळी टेंपो घेऊन येतोय. 'भावाचंच अक्षर' हे निरोप आणणाऱ्याकडूनही पाठ करून घेतलं होतं.

सलीम म्हणतो, "चेपून ध्द लिही, आबा खूश." थोड्या वेळाने, "न्हायतर द्ध लिही, तू खूश." आणखी थोड्या वेळाने, "तात्यांचं कोण बघणार पण?"

त्याला म्हटलं, तू पंक्चर काढ.

बुधवार, २१ मे

उद्या पौर्णिमा. आबा पाचला येणार. आत्ता दोन वाजलेत.

सकाळी पाटी खाली घेतली, फडक्याने पुसली. तात्यांचा बारीक ब्रश, खारीच्या केसांचा. हातात घेतला तर दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. माझा अंगठा त्यात बसत नाही, मोठा आहे.

खडूने आखायला म्हणून उजेडात धरली तेव्हा त्या मोकळ्या जागेत पुसट खडू दिसला. पुसलेला. तिरकी धरली की एक गोल वाटतो, द चा असेल. ध चा पण असेल. सलीमला दाखवलं. तो म्हणाला, द. मग म्हणाला, थांब, ध. मग म्हणाला, ऊन डोळ्यांवर येतंय. आणि मघाशी त्यावरून फडकं मीच फिरवलं होतं.

अकरा वाजता द काढला. दोन्ही पाय टेबलाला अडकवून, श्वास धरून. रेघेच्या डाव्या बाजूला घेतला. वर घेतला, खाली ध ला जागा ठेवली. बरा आलाय. तात्यांच्या 'ह'शेजारी ठेवला तर नवखा वाटतो, पण पडत नाही.

आता त्याला ध लावायचा. पण द वाळला पाहिजे, नाहीतर निळा निळ्यात ओघळतो. ऊन आहे, तरी चार तास धरायला हवेत.

सलीमने मोठ्याने वाचलं. "बुद विहार." मग हसत सुटला. "आरं, आबा असंच म्हणतोय की! आहे तशी देऊन टाक."

आई आली. पाटीसमोर उकिडवी बसली. बोट जवळ नेलं, लावलं नाही.

"झालं?"

"अर्धं झालंय."

"आबाला चालंल का?"

"माहीत नाही."

"तात्याला?"

मी ब्रश पुसायला घेतला. तिने डबा उघडून ठेवला. आज बटाटा आहे. माझ्या आवडीचा. कसा काय, विचारलं नाही.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये आहे. द ला कोपऱ्यात करंगळी लावून बघितली, अजून चिकटतोय. पत्र्याच्या तुकड्यावर दहा ध काढले. सात हलले.

आई जाताना दारातून म्हणाली, "जमंल का रं?"

म्हटलं, "बघू."